पीसीबी : घरी बनवावा की मागवावा?

उद्योगसंस्थेने एखादी वस्तू स्वतः बनवावी की बाजारातून घ्यावी, या प्रश्नाची मीमांसा रोनाल्ड कोझ यांनी १९३७ मध्ये व्यवहार-खर्चाच्या आधारे केली. मुद्रित परिपथ फलक, अर्थात पीसीबी, हे त्याचे सुबोध उदाहरण होय.

तांब्याचा थर असलेल्या फलकावर आराखडा उतरवून नको असलेले तांबे फेरिक क्लोराइडच्या द्रावणात विरघळविले की, साधा पीसीबी घरीच तयार होतो. नमुना त्याच दिवशी हाती येतो. मात्र प्रत्येक नगामागे तेवढेच श्रम पडतात आणि वापरलेल्या द्रावणाच्या विल्हेवाटीची जबाबदारीही येते. कारखान्यात प्रारंभीचा स्थिर खर्च मोठा असला, तरी तो अनेक नगांवर विभागला जाऊन सरासरी खर्च घटतो. बहुस्तरीय पीसीबी तर घरी जवळजवळ अशक्यच. म्हणून एखादा साधा नमुना घरी बनवावा, उर्वरित मागवावेत.

राष्ट्रीय स्तरावर हाच प्रश्न ‘आयात की देशांतर्गत उत्पादन’ असा उभा राहतो. मार्च २०२५ मध्ये मंजूर झालेल्या २२,९१९ कोटी रुपयांच्या केंद्रीय इलेक्ट्रॉनिक घटक उत्पादन योजनेत बहुस्तरीय पीसीबीचा समावेश आहे. मात्र उत्पादनाचे प्रमाण वाढून सरासरी खर्च घटला, तरच असे उद्योग प्रोत्साहनाविना टिकतील, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.