मुलास आपल्याजवळ येऊन सांगता यावे

मूल सुदृढ व्हावे म्हणून आपण त्यास पेज, नाचणी, मासळी, दूध वेळच्या वेळी देतो व लसही टोचून घेतो. हे सर्व योग्यच होय. परंतु मुलाचे रक्षण करणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि तिजकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ती ही की, काही अपाय झाला असता मूल न भिता प्रथम आपल्याकडे धाव घेईल, असा त्याचा आपल्यावर विश्वास असावा.

एका वैशाखात मालवण तालुक्यातील एका खाडीकाठच्या वाडीत आम्ही मुक्कामास होतो. त्या घरच्या आठ वर्षांच्या मुलास मांगराकडे जाण्याची मनाई होती. तरी विटी शोधण्यासाठी त्याने तेथील चुडतांच्या राशीत हात घातला, आणि त्यास विंचवाने दंश केला. चार दिवसांपूर्वीच कोयती हरवली म्हणून त्याने बापाचा मार खाल्ला होता. म्हणून तो काही न बोलता पडवीच्या कोपऱ्यात जाऊन निजला. दिवेलागणीस आजीने हात लावून पाहिले, तो अंग घामाने भिजलेले व हातपाय गार. त्यास दोनदा ओकारीही झाली. आईने पुष्कळ विचारले तेव्हा तो इतकेच म्हणाला, "आये, बाबांक सांगा नको."

रिक्षा करून त्यास तालुक्याच्या इस्पितळात नेले. दोन रात्री मोठ्या काळजीत गेल्या. शेवटी मूल वाचले. बाप दाराशी बसून रडत होता. आम्ही त्यास काय बोलावे? 'हा मुलांस धाकात ठेवतो' अशी त्याची वाखाणणी आम्हीच चारचौघांत केली होती. त्या दिवशी आमचाही डोळा उघडला.

कोकणातील तांबडा विंचू ही सामान्य गोष्ट नव्हे. त्याच्या विषाने प्रथम हृदयावर ताण पडतो, आणि मग फुप्फुसांत पाणी भरते. मुलांस हा धोका अधिक. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे 1976 साली महाडजवळील बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात आले, तेव्हा अशी मुले त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत. त्यांनी रोग्यांच्या उशाशी रात्री जागून विषाची लक्षणे टिपली, व रक्तदाब उतरविणारे प्राझोसिन नावाचे औषध ह्या विषावर उपयोगी पडते असे दाखविले. त्यांचा हा अनुभव 1986 साली विलायतेच्या 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात छापला गेला. पूर्वी जबर विषबाधा झालेल्या शंभर रोग्यांत तीसांहून अधिक मरत. ह्या उपचाराने ते प्रमाण फार खाली आले. 2022 साली त्यांस पद्मश्री मिळाली. हे औषध वैद्यानेच द्यावयाचे असते. पण उपाय असूनही मूल वेळेवर तेथे पोहोचले नाही, तर त्याचा काय उपयोग? आणि मूल बोललेच नाही, तर त्यास पोहोचवावे कोणी?

कुत्र्याच्या चाव्याचेही असेच आहे. 'तू त्याची खोडी का काढलीस?' ह्या बोलण्याच्या भीतीने मुले लहानसा ओरखडा लपवितात. पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे रोगी बहुधा वाचतच नाही. पण लगेच लस घेतली तर तो टळतो. यास्तव पुढील गोष्टी घराघरांत पाळाव्यात.

1. मूल आपण होऊन चूक सांगेल, तर त्या चुकीबद्दल त्यास मारू नये. आधी जखम पाहावी. समज शांतपणे मागाहून द्यावी. शिस्त हवीच. हरवलेली कोयती बापाबरोबर शोधावयास लावणे ही शिस्त होय; वळ उठविणे ही नव्हे.

2. 'रडलास तर डॉक्टर सुई टोचील' असे कधी म्हणू नये. ज्याच्याकडे जीव वाचवावयास न्यावयाचे, त्याचाच बागुलबुवा करणे हे शहाणपण नव्हे.

3. सुई टोचावयाची असता 'दुखणार नाही' असे खोटे सांगू नये. 'थोडे दुखेल, मी जवळ आहे' असे सांगावे. एकदा फसलेले मूल पुन्हा विश्वास ठेवीत नाही.

4. रोज संध्याकाळी घटकाभर मुलाजवळ बसून त्याचा दिवस कसा गेला हे विचारावे, आणि मध्येच न रागावता ऐकावे. हे काम केवळ आईचे नव्हे, बापाचेही आहे.

5. विंचू चावला असता वेदना थोडी आहे म्हणून स्वस्थ बसू नये. घाम, ओकारी, गार हातपाय ही धोक्याची चिन्हे होत. फुरसे किंवा अन्य साप चावल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. तो अवयव न हालविता इस्पितळात न्यावे. गाडीसाठी 108 ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. कुत्रा चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. चुना किंवा मिरची लावू नये, व त्याच दिवशी लस सुरू करावी.

6. जळाऊ लाकडे, चिरे व चुडते घरापासून दूर रचावीत. वहाणा झाडून घालाव्यात, अंथरूण झटकून घालावे, रात्री बत्तीवाचून खळ्यात उतरू नये.

तो मुलगा आता शाळेत जातो. पुढच्या खेपेस आम्ही गेलो, तेव्हा त्याने बापाच्या देखत सांगितले की, आज आपल्या हातून घागर फुटली. बाप क्षणभर गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "पायाक लागला नाय मां?" त्या घरात काय पालटले, हे आम्हांस तेवढ्यावरून कळले.

घरी विचार करण्यासाठी प्रश्न: आपल्या मुलाने शेवटची चूक आपण होऊन केव्हा सांगितली? तेव्हा आपण त्यास काय उत्तर दिले? आज त्यास विंचू चावला, तर तो प्रथम कोणाकडे धावेल?