पैलवान मावेल अशी एकआसनी

प्रश्न : मी अमरावतीचा. उंची 6 फूट 2 इंच, वजन 108 किलो. आखाड्यात कमावलेली छाती आहे आणि आखाडा सुटल्यावर कमावलेलं पोटही. उघड्या चाकांच्या जुन्या एकआसनी रेसिंग गाडीची हौस लागली आहे. मित्र म्हणतात, "तुले त्या गाडीत घालाले ग्रीस लागन अन् काढाले क्रेन." माझ्यासारख्या देहाला बसता येईल अशी जुनी गाडी असते का? ती कशी निवडावी?
– एक वाचक, राजापेठ

उत्तर : असते. मात्र मित्रांच्या चेष्टेतला क्रेनचा भाग विसरू नका, त्याकडे पुन्हा यायचं आहे.

साधी मोटार हा तयार सदरा. सीट मागेपुढे सरकवली की काका-पुतणे दोघांनाही चालतो. एकआसनी रेसिंग गाडी म्हणजे शिंप्याने एका माणसाचं माप घेऊन बेतलेला अंगरखा, आणि कापड वाचवण्यात त्या शिंप्याचा स्वार्थ असतो. गाडी जितकी अरुंद तितकी ती हवा सहज कापते. म्हणून विकणाऱ्याला इंजिन किती ताकदीचं, हे विचारण्याआधी एक विचारा : हिच्यात आधी कोण बसत होतं? सडपातळ पोराने दहा वर्षं चालवलेली गाडी तुमच्यासाठी नुसती भिंतीवरची तसबीर.

धिप्पाड माणसांनी या खेळात मोठं नाव कमावलेलं आहे. अर्जेंटिनाचा होसे फ्रॉइलान गोन्झालेझ अंगाने चांगला भरलेला होता, लोक त्याला पंपास प्रदेशाचा बैल म्हणत. फेरारीला फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेतला पहिला विजय त्यानेच मिळवून दिला, 1951 साली सिल्व्हरस्टोनला. तुमच्या गावाशी जुळणारी आठवणही आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. ऑलिंपिक सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, 26 जुलैला, नुर्बुर्गरिंगवर जर्मन ग्रां प्री झाली. तिच्यात ऑटो युनियनच्या गाडीतून दुसरा आला हान्स स्टुक, चांगला उंचापुरा गडी. त्याचा मुलगा हान्स-योआखिम बापाहूनही ताडमाड निघाला आणि सत्तरच्या दशकात फॉर्म्युला वनमध्ये उतरला.

आता गाड्यांकडे. गोन्झालेझची फेरारी पुढे इंजिन असलेली होती. चालक खुर्चीत बसावा तसा ताठ, स्टीअरिंगचं मोठं चाक छातीजवळ, कोपरं मोकळी. 1958 ला अर्जेंटिनात स्टर्लिंग मॉसने मागे इंजिन असलेल्या छोट्या कूपरमधून शर्यत जिंकली, 1959 आणि 1960 ची विश्वविजेतेपदं जॅक ब्रॅबमने कूपरमधूनच घेतली आणि पुढच्या इंजिनाचे दिवस भरले. मग 1962 ला लोटस 25 आली. तिची नळ्यांची चौकट जाऊन ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पेटी झाली, आणि त्या पेटीत जिम क्लार्क आरामखुर्चीत पडावं तसा पडून गाडी हाकू लागला. क्लार्क लहानखुरा होता. तुमचे खांदे त्या पेटीच्या काठावरच अडतील आणि पत्र्याची पेटी उसवून रुंद करता येत नाही. नळ्यांच्या चौकटीत निदान आसन, पेडल, चाकाचा दांडा हलवायला थोडा वाव असतो. फार कापाकापी मात्र करू नका. जुन्या गाड्यांच्या शर्यतींत मूळ रूपाला मान असतो आणि किंमतही त्याचीच असते.

म्हणून माझी पहिली पसंती पुढे इंजिन असलेली फॉर्म्युला ज्युनियर. 1958 साली इटलीत काउंट जॉव्हानी लुरानींच्या पुढाकाराने हा वर्ग सुरू झाला. 1100 सीसीच्या गाडीला किमान 400 किलो वजनाची अट होती. त्यातली फियाटच्या इंजिनाची स्टांगुएलिनी पाहा, तिच्यात माणूस बसतो, झोपत नाही. दुसरी पसंती सत्तरच्या दशकातली फॉर्म्युला फोर्ड. 1967 ला इंग्लंडमध्ये निघालेला हा वर्ग, फोर्ड कॉर्टिनाचं 1600 सीसी इंजिन, नळ्यांची चौकट, दुरुस्ती सोपी. त्यात उत्तर आयर्लंडच्या क्रॉसले कंपनीच्या गाड्यांची, विशेषतः 32 एफची, ख्याती मोठ्या देहाच्या माणसांत चांगली आहे. पन्नासच्या दशकातल्या 500 सीसीच्या, मोटरसायकलचं इंजिन मागे बांधलेल्या चिमुकल्या कूपर लांबूनच न्याहाळा.

देशी गाडीचा विचार मनात असेलच. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती 800 चं 796 सीसीचं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती बांधली. नारायण कार्तिकेयनसारखी पोरं त्यातूनच पुढे आली. 1995 ला विमान अपघातात करिवर्धन गेले, कोइंबतूरचा शर्यतीचा ट्रॅक आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्या गाडीबद्दल मला मनापासून आदर आहे, पण ती शिकणाऱ्या पोरांच्या अंगाची. तिच्यात तुम्ही म्हणजे बाराबंदीत कोंबलेला भीम.

जाहिराती पाहण्याआधी घरीच माप घ्या. भिंतीला पाठ टेकवून सतरंजीवर पाय पसरून बसा. भिंतीपासून टाचेपर्यंत, जमिनीपासून टाळूपर्यंत, खांद्यांची रुंदी, कमरेची रुंदी आणि बुटाची रुंदी घ्या. पोटाची घ्यायची तर श्वास सोडून, खरी. लोक उभी उंची सांगतात, तिचा इथे फारसा उपयोग नाही. लांब पायांच्या माणसाला पेडल पुढे सरकवून बसवता येतं. लांब धडाच्या माणसाचं डोकं वर येतं आणि तिथे कुणाचं काही चालत नाही. गाडी उलटली तर डोक्यामागची लोखंडी कमान जमिनीला टेकावी, शिरस्त्राण नव्हे, यासाठी ती असते. शिरस्त्राण घालून बसा आणि मागच्या कमानीच्या टोकापासून समोरच्या चाकापुढच्या उंचवट्यापर्यंत सरळ काठी धरायला सांगा. शिरस्त्राण काठीच्या दोन इंच खाली हवं. काठीला टेकलं तर पैसे परत खिशात.

आता पाय. या गाड्यांचं नाक निमुळतं, त्यात तीन पेडल दाटीने बसवलेली. तुमच्या पंजाखाली ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदमच दाबले जातील. पातळ तळाचे अरुंद बूट घेऊन जा. पेडल बोनेटखाली दिसत नाहीत, तेव्हा ती पायाने वाचावी लागतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत पावलं पुढच्या चाकांच्या आसाच्याही पुढे येतात. समोरून आदळली तर आधी पावलंच सापडतात. फॉर्म्युला वनने 1988 पासून नव्या गाड्यांत पावलं आसाच्या मागे आणली, ती उगीच नाही. लांब पायांसाठी पेडल पुढे सरकवताना हे ध्यानात असू द्या.

गुडघे चाकाला घासत असतील तर छोटं चाक लावता येतं, पण त्याने गाडी वळवायला जड होते. तुमच्या दंडांना त्याचं काय! उष्णतेचं मात्र तुमच्या मित्रांना सुचलेलं दिसत नाही. मागे इंजिन असलेल्या गाडीत रेडिएटर नाकात, इंजिन पाठीशी, आणि गरम पाण्याच्या नळ्या चालकाच्या बाजूने धावतात. सडपातळ माणसाच्या मांडीत आणि नळीत चार बोटं अंतर राहतं, तुमच्यात राहणार नाही. वऱ्हाडातल्या मे महिन्याची सवय असलेल्यालाही हा चटका वेगळाच लागतो. नळ्यांना वेष्टण घालून घ्या.

पहिल्यांदा बसाल तेव्हा आसन काढून उघड्या तळावर बसा. तिथेच थोडी जागा मोकळी होते कधी कधी. मग आसन तुमच्या अंगावर ओतून घेता येतं : दोन द्रव मिसळून जाड प्लास्टिकच्या पिशवीत ओततात, त्यावर तुम्ही पूर्ण पोशाखात बसता, फेस फुगतो आणि काही मिनिटांत तुमच्या पाठीचा साचा तयार. त्यावेळी पोट आत ओढून बसलात तर ते आसन जन्मभर पोट आत ओढायला लावेल.

वजनाची चिंता मात्र थोडी बाजूला ठेवा. 400 किलोच्या गाडीत 65 किलोचा पोरगा बसला तर एकूण 465, तुम्ही बसलात तर 508. साधारण नऊ टक्क्यांचा फरक. सरळ रस्त्यावर तो जाणवेल. पण गाडी तुमच्यासह तोलून, प्रत्येक चाकावरचा भार पाहून स्प्रिंग बदलून घेतल्या, तर वळणावर तुमचं फारसं बिघडत नाही. रिकामी गाडी तोलून दाखवणारा मेकॅनिक दिसला की दुसरा शोधा.

मोठमोठ्यांनाही न मावण्याची नामुष्की चुकलेली नाही. 1992 चा विश्वविजेता नायजेल मॅन्सेल 1995 ला मॅक्लारेनकडे गेला आणि गाडीचा कॉकपिट त्याला अरुंद पडला. पहिल्या दोन शर्यती त्याने सोडल्या, कंपनीने रुंद चौकट बांधली, तेव्हा इमोलाला तो उतरला. त्याच्यासाठी नवी चौकट बांधणारी कंपनी होती. तुमच्यासाठी वेल्डर आहे, आणि त्याला मी वर मनाई केलेलीच आहे.

एक गोष्ट कागदाची. 50 वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी 2021 पासून नोंदणीत 'व्हीए' ही वेगळी अक्षरं मिळतात, पण दिवे नाहीत, मडगार्ड नाहीत अशा रेसिंग गाडीसाठी ती वाट नव्हे. अमरावतीच्या राजकमल चौकातून मिरवायचं स्वप्न सोडा. ही गाडी टेम्पोवर चढवूनच चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला, कोइंबतूरला नाहीतर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला न्यावी लागेल. पूर्वी चेन्नईजवळच शोलावरमच्या विमानपट्टीवर शर्यती होत. ऐंशीच्या दशकात विजय मल्ल्यांनी तिथे एन्साइन ही फॉर्म्युला वनची गाडी पळवली होती, तेव्हा भारतात अशी हौस अगदी पोरकी नाही.

आता क्रेन. गाडी पाहायला जाल तेव्हा पूर्ण पोशाख, शिरस्त्राण, पट्टे आवळलेले अशा अवस्थेत बसा आणि मित्राच्या हातात घड्याळ द्या. तो "आग!" म्हणाला की पट्टे सोडा, चाक निघत असेल तर काढा, आणि कुणाचा हात न धरता बाहेर या. तीनदा करा. तिसऱ्यांदा दमलेले असाल, तेव्हाचा वेळ खरा. दहा सेकंदांच्या आत जमलं तर सौद्याचं बोला, नाहीतर चहा पिऊन परत या. आणि जाताना ग्रीसवाल्या त्याच मित्राला सोबत घ्या, घड्याळ तोच कठोरपणे लावेल.