आईला बोलता येत नाही. तिचं दुखणं कसं ओळखू?

प्रश्न : आई ८२ वर्षांची आहे. स्मृतिभ्रंशामुळे बोलणं जवळपास थांबलंय. कूस बदलताना हात झटकते, रात्री कण्हते. डॉक्टर म्हणाले, आता घरीच सांभाळा. तिला दुखत असेल का?
– एक वाचक, भोकर (जि. नांदेड)

उत्तर : हो, बहुधा दुखतंय. या आजारात दुखणं सांगता येत नाही, पण वेदना होतेच. श्वास, कण्हणं, कपाळावरच्या आठ्या, आवळलेल्या मुठी आणि जवळ घेतल्यावर ती शांत होते का, या पाच गोष्टी अंग पुसताना पाहा. वहीत वेळेसह लिहून डॉक्टरांना दाखवा.

बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, माकडहाडावरची जखम आधी तपासून घ्या. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, ठरलेल्या वेळी द्या. कण्हण्याची वाट पाहू नका. तेवढ्यानं भागलं नाही, तर मॉर्फिनबद्दल विचारा. योग्य मात्रेत ते मरण ओढवत नाही. अमली पदार्थविषयक कायद्यातल्या २०१४च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालंय. नांदेडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे वेदना कमी करणाऱ्या सेवेची, चौकशी करा.

गिळता येत नसेल, तर बळेच भरवू नका. ओठ ओले ठेवा. औषध थांबलं तरी सेवा थांबत नाही, आणि वेदनेविना राहणं हा तिचा हक्क आहे.