मुंबईला जायचे, पण कर्ज न काढता

लेक कोल्हापूरला कॉलेजात शिकते. दिवाळीची सुट्टी जवळ आली. ती घरी आली आणि म्हणाली, "आई, या सुट्टीत आपण दोघी मुंबई बघून येऊ. तू कधी समुद्र पाहिलाच नाहीस."

आबा ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, "जावा की. पण पैसं किती लागतील?"

कुणालाच सांगता येईना.

सोयाबीनचे पैसे हातात आले होते. त्यातून रब्बीचे बी आणि खत यांचे पैसे आबांनी आधीच बाजूला काढले होते. सहलीसाठी तीन हजार उरत होते. आबा म्हणाले, "ह्याच्या वर एक रुपया न्हाई. सहलीसाठी कुणापुढं हात पसरायचा न्हाई."

लेकीने वही घेतली. आईही आता लिहू-वाचू लागली होती. ती म्हणाली, "तू सांग. मी लिहिते."

पहिला खर्डा असा झाला :

एसटी, गाव ते कोल्हापूर, जाऊन येऊन : १०० रुपये
रेल्वे, दोघींचे जाऊन येऊन : १४०० रुपये
लॉज, दोन रात्री : २४०० रुपये
खाणे : ९०० रुपये
टॅक्सी : ६०० रुपये
होडी आणि इतर तिकिटे : ९०० रुपये
खरेदी : १००० रुपये
एकूण : ७३०० रुपये

लेकीचे तोंड उतरले. आई म्हणाली, "अगं, खर्डा कशासाठी असतो? खोडण्यासाठीच! आता एकेक ओळ बघू."

लॉजची ओळ सर्वांत जड होती. आईची थोरली बहीण परळला राहते. तिला फोन केला. ती म्हणाली, "लॉज कशाला? या की हक्कानं!" लॉज खोडले. मावशीला न्यायला घरच्या शेंगा आणि नवे तांदूळ काढून ठेवले. मावशीकडे सकाळ-संध्याकाळ जेवण होणार. खाण्याचा खर्चही उतरला.

टॅक्सी खोडली. तिच्या जागी लोकल आणि बस लिहिली. घारापुरीची लेणी बघायला होडीने जावे लागते. ती पुढच्या खेपेला ठेवली. खरेदी खोडली.

आबा म्हणाले, "विद्यार्थ्याला रेल्वेत सवलत असते म्हणं. ती घ्या."

लेक म्हणाली, "आबा, ती सवलत कॉलेजातून घरी जायला-यायला आणि शाळा-कॉलेजच्या अभ्यास सहलीला मिळते. नुसतं फिरायला मिळत नाही. खोटं कारण लिहून घेणं बरं नव्हे."

आबा गप्प झाले. मग म्हणाले, "खरं हाय. पुरं तिकीट धरा."

दुसरा खर्डा असा झाला :

एसटी : १०० रुपये
रेल्वे : १४०० रुपये
बाहेरचे खाणे : ५०० रुपये
लोकल आणि बस : ३०० रुपये
बघण्याची तिकिटे : २०० रुपये
अडीअडचणीसाठी : ५०० रुपये
एकूण : ३००० रुपये

आबांनी दोनदा बेरीज केली. ती बरोबर आली.

एसटीच्या ओळीत एक बचत दडलेली आहे. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना एसटीचे अर्धे तिकीट लागते. म्हणून दोघींचे शंभरात भागले.

मग रेल्वेचे तिकीट काढले. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री निघते आणि सकाळी मुंबईला पोचते. रात्र गाडीत जाते. एका मुक्कामाचा खर्च वाचतो. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. दिवाळीत गर्दी फार. म्हणून त्यांनी लवकर तिकीट काढले.

तिकीट हाती येताच आईने ते स्वतः वाचले. गाडीचे नाव, तारीख, डबा, जागा. चारही गोष्टी तिने वहीत उतरवल्या.

मुंबईत पैसे न देताही पुष्कळ बघता येते. गिरगावची चौपाटी आहे. १९२४ साली खुले झालेले गेटवे ऑफ इंडिया आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत तर गाडीतून उतरताच दिसते. ती १८८८ साली पुरी झाली. २००४ साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. राणीच्या बागेला मात्र तिकीट लागते आणि ती बुधवारी बंद असते. म्हणून आईने वहीत वारही लिहिले.

हे लक्षात ठेवा

१. आधी घरचा आणि शेतीचा खर्च बाजूला काढावा. उरेल त्यात सहल बसवावी.
२. अडचणीचे पैसे वेगळे बांधावे. सगळे पैसे एका पिशवीत ठेवू नयेत.
३. रात्री बारानंतर तारीख बदलते. गाडी साडेबाराला असेल तर तिकिटावरची तारीख नीट बघावी.
४. तिकीट वेटिंगवर असेल तर आरक्षित डब्यात बसू नये.
५. सकाळी आणि संध्याकाळी कामाच्या वेळी लोकलला फार गर्दी असते. नवख्या माणसाने दुपारी प्रवास करावा. बायकांसाठी वेगळे डबे असतात.
६. रेल्वेत अडचण आली तर १३९ हा नंबर लावावा.

प्रश्न

१. पहिल्या खर्ड्यातील कोणत्या ओळी खोडल्या? का खोडल्या?
२. लेकीने रेल्वेची सवलत का घेतली नाही?
३. तुमच्या गावाहून जवळच्या शहरी दोन माणसांना जायचे आहे. वहीत खर्डा लिहा आणि बेरीज करा.