अवकाशाचेही पुंज असतात काय?

अवकाश हे वस्तूंना सामावणारे पात्र की वस्तूंमधील केवळ संबंध, हा न्यूटन व लाइब्निझ यांच्या परंपरांतील वाद पुंज-गुरुत्वाच्या मुळाशी आहे. १९१५ च्या व्यापक सापेक्षता सिद्धांताने अवकाश-काळालाच वक्र होणारे, बदलणारे क्षेत्र ठरविले. पुंज सिद्धांतानुसार तर क्षेत्रांची ऊर्जा सुट्या पुंजांत असते. मग अवकाशाचे काय? शिरपूर येथे १९४९ मध्ये जन्मलेल्या अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये आइन्स्टाइनची समीकरणे नव्या चलांत मांडली आणि या प्रश्नाला गणिती रूप लाभले. पुढे रोव्हेली, स्मोलिन प्रभृतींसह ‘लूप’ पुंज-गुरुत्व उभे राहिले. त्यात क्षेत्रफळालाही किमान एकक असते; सुमारे १०⁻³⁵ मीटर पातळीवर अवकाश कणमय ठरते. याला प्रायोगिक पुरावा अद्याप नाही. परीक्षार्थींनी उत्तरात ही बाब अवश्य नोंदवावी.