ऊसतोडणी कामगारांच्या मुलांचे लसीकरण आणि गावचे पुढारीपण

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून व पाथर्डी-शेवगावच्या पट्ट्यातून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे या जिल्ह्यांकडे आणि उत्तर कर्नाटकाकडे निघतात व मार्च-एप्रिलपर्यंत तळावरील कोप्यांत राहतात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक कोयता, हा हिशेब सर्वांस ठाऊक आहे. त्या कोयत्यासोबत किती अर्भके आली, याची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवतो.

राष्ट्रीय वेळापत्रकानुसार पेंटाव्हॅलंट लसीचे डोस 6, 10 व 14 आठवड्यांचे वय पूर्ण होताच आणि गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर द्यावयाचा असतो. आता ऑगस्टअखेर जन्मलेल्या बालकाचा विचार करावा. त्याचा पहिला डोस ऑक्टोबरात गावी मिळतो. दुसरा नोव्हेंबरात व तिसरा डिसेंबरात येतो, म्हणजे नेमका तळावर. फेब्रुवारीत तळावरच जन्मलेल्या बालकाचे 9 महिने पुढल्या हंगामाच्या आरंभी भरतात. अशा रीतीने घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि गोवर यांपासूनचे संरक्षण अर्ध्यावर राहते. आणि दाटीने वसलेल्या कोप्यांत गोवरास पसरावयास वेळ लागत नाही.

लस मोफत आहे आणि परिचारिकाही येते. तथापि सकाळी दहास भरणाऱ्या लसीकरण सत्राच्या वेळी आई फडात असते व कोपीत तान्ह्याजवळ त्याची थोरली बहीण बसलेली असते. आईने काम सोडून यावे तर खाडा पडतो. लस दिल्यावर मुलास एक-दोन दिवस ताप येईल आणि पुन्हा खाडा पडेल, ही धास्ती निराळीच. आईचे अज्ञान हे कारण नेहमी पुढे केले जाते, परंतु आमच्या मते खाड्याची भीती त्याहून मोठी आहे. ती दूर करणे परिचारिकेच्या हाती नाही. ते मुकादमाच्या हाती आहे. त्याने आदल्या रात्री “उद्या दुपारी लस आहे, खाडा धरणार नाही” एवढे सांगितले, तर माता स्वतः होऊन मुले घेऊन येतात.

दुसरा मान सरपंचांचा. तळावरील माणसे गावच्या मतदार यादीत नसतात, म्हणून ती कोणाचीच नसतात. वस्तुतः तळावर गोवर आला तर तो शिवेवर थांबत नाही. सरपंचांनी आशा व अंगणवाडी सेविका यांस तळाची यादी करण्यास सांगावे, पाणी व सावलीची जागा द्यावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडे दुपारनंतरच्या सत्राची मागणी करावी. सत्राचा दिवस ठरविताना कारखान्याच्या चिटबॉयला अवश्य विचारावे. टोळी उद्या कोणत्या फडात व केव्हा परतणार, हे त्याच्याइतके कोणास माहीत नसते. गोवर-रुबेलाची कुपी विरघळविल्यावर 4 तासांतच वापरावी लागते, त्यामुळे माता परतण्यापूर्वी ती फोडणे व्यर्थ होय.

डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष मोहिमेत वीटभट्ट्या, बांधकामे व स्थलांतरितांच्या वस्त्या यांस अग्रक्रम दिला गेला. त्याआधी पोलिओच्या कार्यात उत्तर प्रदेशातील मौलवींनी मशिदींतून आवाहने केली, तेव्हा बंद दारे उघडली. भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधील होय. तेथेही औषध पूर्वीचेच होते. ते घ्या म्हणणारा माणूस मात्र ओळखीचा होता.

एक डोस चुकला म्हणून “आता उपयोग नाही” असे कोणीही मातेस सांगू नये. पेंटाव्हॅलंटचा एक डोस झाला असल्यास मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. किमान 4 आठवड्यांच्या अंतराने राहिलेले डोस देता येतात. गोवर-रुबेलाची लस राहिली असल्यास वयाच्या 5 वर्षांपर्यंत मिळू शकते. कार्ड गावी राहिले असले तरी बालकास परत पाठवू नये.

मूळ गावच्या कार्यकर्त्यांचे काम टोळी निघण्यापूर्वीचे आहे. उचल दिली जाते त्याच सुमारास मुकादमाकडून जाणाऱ्या कुटुंबांची यादी घ्यावी, 2 वर्षांखालील मुलांची कार्डे तपासावीत, देय असलेले डोस द्यावेत आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून मातेच्या सामानात ठेवावयास लावावे. पुढील डोसाची तारीख मुकादमाच्या वहीत, त्या कोयत्याच्या नावासमोरच लिहून द्यावी.