हिवाळ्यात मलूल झालेला घरातील बोन्साय : परीक्षा व उपचार

पसरट कुंडीत वाढविलेल्या बुटक्या वृक्षास जपानी भाषेत ‘बोन्साय’ म्हणतात. आपल्याकडील वड, पिंपळ, उंबर व नांद्रुक हे वृक्ष या कामी विशेष उपयोगी पडतात, व अनेक रोपवाटिकाधारक शेतकऱ्यांना त्यांपासून चांगली जोडप्राप्ती होते. असे झाड घडविण्यास अनेक वर्षे लागतात. परंतु हिवाळ्यात चुकीचे उपचार झाल्यास ते महिन्याभरात दगावू शकते. ‘झाड वाळले’ म्हणून गिऱ्हाइकाने परत आणलेले झाड पुष्कळदा जिवंत असते. म्हणून त्याची परीक्षा कशी करावी, हे शेतकरी व विस्तार कार्यकर्ते या दोघांसही ठाऊक असणे अगत्याचे आहे.

परीक्षा

पाने गळणे म्हणजे झाड मरणे नव्हे. पिंपळाची हिवाळ्याच्या अखेरीस होणारी पानगळ स्वाभाविक आहे. नांद्रुक मात्र सदाहरित असल्याने त्याची पाने एकाएकी गळू लागली, तर प्रकाश, पाणी किंवा थंडी यांपैकी काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा, ओलसर थर दिसल्यास व पांढरा चीक आल्यास ती फांदी जिवंत आहे. आतील भाग तपकिरी व कोरडा आढळल्यास शेंड्याकडून बुंध्याकडे येत पुन्हा परीक्षा करावी. बुंधा हिरवा असेपर्यंत आशा सोडू नये.

रोगाचे मूळ

थंडीत मुळांचे कार्य मंदावते व पानांतून बाष्पही कमी जाते. अशा वेळी उन्हाळ्याच्या बेताने पाणी घातल्यास ते कुंडीत साचून राहते, मातीतील हवा निघून जाते व मुळे गुदमरून कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. त्यामुळे माती ओली असूनही पाने लोंबू लागतात. मालक ते पाहून झाड तहानलेले आहे असे समजतो व आणखी पाणी घालतो. बहुतेक झाडे तहानेने मरत नाहीत, ती या मायेनेच मरतात.

उपचार

१. पाणी : बांबूची काडी मातीत दोन-तीन सेंटिमीटर खोचून थोड्या वेळाने काढावी. ती ओली निघाल्यास पाणी देऊ नये. कोरडी निघाल्यास सकाळी, गारठा कमी झाल्यावर, तळाच्या छिद्रातून वाहेपर्यंत पाणी द्यावे. खालच्या ताटलीत मात्र ते साचू देऊ नये.

२. मुळे : मातीस कुबट वास येत असल्यास झाड हलक्या हाताने काढून काळी व मऊ झालेली मुळे तेवढी स्वच्छ कात्रीने कापावीत. नंतर जाडी वाळू, विटांचा चुरा व थोडा पोयटा यांच्या मिश्रणात ते पुन्हा लावावे. निरोगी मुळांची छाटणी या दिवसांत करू नये.

३. प्रकाश : हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून कुंडी दक्षिणेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीलगत ठेवावी. सावलीतील झाड एकदम कडक उन्हात नेऊ नये. कोवळ्या उन्हाची वेळ रोज थोडी थोडी वाढवावी.

४. ऊब : रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जात असल्यास कुंडी खिडकीपासून दूर घ्यावी व थंड फरशीऐवजी लाकडी फळीवर ठेवावी.

५. कीड : पानांची मागील बाजू व फांद्यांची बेचके तपासावीत. खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण दिसल्यास ओल्या फडक्याने पुसून काढावेत व ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी घराबाहेर करावी.

६. खत : आजारी झाडास खत देणे हा उपाय नसून अपाय आहे. नवी पालवी फुटून पाने पुरती उलगडल्यावरच सौम्य प्रमाणात खत द्यावे.

हे उपचार केल्यानंतर झाड रोज उपटून पाहू नये किंवा त्याची जागा वारंवार बदलू नये. उष्मा वाढू लागताच जिवंत फांद्यांवर डोळे फुगू लागतात. कोणती फांदी खरोखर मेली हे तेव्हा स्पष्ट होते. तोवर एकही फांदी तोडण्याची घाई करू नये. रोपवाटिकाधारकाने झाड विकतानाच काडीची ही परीक्षा गिऱ्हाइकास करून दाखवावी; त्यामुळे झाडही वाचते व विक्रेत्याचा लौकिकही टिकतो.